सुगीचा हिशेब, मृतांचं ताट : पेगन परंपरेतल्या शरदोत्सवांविषयी

दरवर्षी 31 ऑक्टोबरला मेलबर्नच्या दुकानांत प्लास्टिकचे सांगाडे आणि नारिंगी भोपळे टांगलेले दिसतात. बाहेर मात्र झाडांना पालवी असते आणि दिवस रोज थोडा लांबत असतो. तिथले बहुतेक पेगन त्या रात्री मृतांचा सण करत नाहीत. ते बेल्टेन करतात, म्हणजे उन्हाळ्याच्या स्वागताचा, फुलण्याफळण्याचा सण. मृतांसाठीचा साविन त्यांनी सहा महिने आधी, एप्रिल संपता संपता केलेला असतो, कारण दक्षिण गोलार्धात पानगळीचे दिवस तेच. भर उन्हाळ्यात नाताळ साजरा करणाऱ्या देशात ही माणसं आपलं वर्ष उलटं फिरवून घेतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. त्यांच्या लेखी सण तारखेचा नसतो, ऋतूचा असतो.

पेगन शरदोत्सवांकडे वळण्याआधी एक खुलासा करायला हवा. ‘पेगन’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे युरोपातले नाना देवधर्म : आयरिश, ग्रीक, नॉर्स आणि इतर कितीतरी. दुसरी म्हणजे विसाव्या शतकात त्या जुन्या धर्मांच्या आठवणींवर, अवशेषांवर आणि बऱ्याच अंशी कल्पनेवर उभे राहिलेले आजचे पंथ : विका, नवे ड्रुइड, आइसलंडचे आसात्रू. आजचा पेगन शरदात तीन सण पाळतो. 1 ऑगस्टच्या सुमारास लूनसा, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरद संपात आणि 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून साविन. (रोमन अक्षरांवर विसंबून याचा उच्चार ‘सामहेन’ करण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा.) धान्याची सुगी, फळांची सुगी आणि मांसाची सुगी अशी त्यांची विभागणी सांगितली जाते. शेवटची सुगी ऐकायला कठोर वाटते, पण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

मराठी वाचकाला इथे आपला शरद थोडा बाजूला ठेवावा लागेल. आपला शरद म्हणजे पाऊस ओसरून निवळलेलं आकाश, कोजागरीचं चांदणं, खरिपाचं पीक घरात येण्याचे दिवस. आपल्याकडे पानं गळतात ती पुढे, शिशिरात. आयर्लंड-ब्रिटनमधला शरद म्हणजे उजेड हातातून निसटण्याचा काळ. सप्टेंबरच्या अखेरीस डब्लिनमध्ये बारा तासांचा दिवस असतो. साविनपर्यंत तो पावणेदहा तासांच्या आसपास येतो आणि डिसेंबरच्या 21 तारखेला जेमतेम साडेसात तासांवर ठेपतो. मुंबईत त्याच दिवशी अकरा तास ऊन असतं. दिवस आखडण्याचा हा वेग संपाताच्या सुमारास सर्वांत जास्त, रोज चार मिनिटांच्या घरात. म्हणून ‘संपात म्हणजे प्रकाश-अंधाराचा समतोल’ हे पेगन पुस्तकांतलं लाडकं वाक्य जरा सावधपणे घ्यावं. समतोल क्षणाचा असतो. खरं तर तो उताराचा सगळ्यात उभा टप्पा आहे, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला ते अंगावर जाणवतं.

उजेडामागोमाग गवत जातं. उत्तर युरोपातल्या शेतकऱ्यापुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक रोकडा हिशेब उभा राहत असे. गोठ्यात इतकी जनावरं, गंजीत इतकी वैरण, आणि नवं गवत उगवायला अजून पाच-सहा महिने. दुभती, गाभण आणि औताची जनावरं ठेवायची. बाकीची कापून, खारवून, धुरावून ठेवायची. इंग्लंडमधला पंडित संन्यासी बीड याने 725 मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात ख्रिस्ती होण्याआधीच्या आपल्या पूर्वजांचे महिने नोंदवताना नोव्हेंबरचं नाव त्याने ‘ब्लोटमोनाथ’ असं दिलं आहे, म्हणजे बळींचा महिना. कारणही सांगितलं आहे : जी जनावरं कापायची ती आधी देवांना वाहिली जात. बीड स्वतः कट्टर ख्रिस्ती होता. त्या जुन्या धर्माचं कौतुक करायचं त्याला काही कारण नव्हतं, म्हणून ही कोरडी नोंद जास्त विश्वासाची वाटते.

शरदोत्सवांचा आध्यात्मिक आशय शोधायचा तर तो या जागी शोधावा. कापणं तर भागच होतं. ते नुसतं कापणं राहू नये, त्याला देणं म्हणता यावं, यासाठी देवाला मध्ये आणलं गेलं. आपण जगतो ते दुसऱ्याच्या मरणावर, आणि हे तोंडाने कबूल केल्याशिवाय ताटावर बसू नये, ही जाणीव त्या विधीत आहे. आजच्या शहरी पेगनाच्या हाती सुरी नसते, गोठाही नसतो. तरी त्याचे उत्तम विधी याच जाणिवेभोवती फिरतात. निकृष्ट विधी तिला बगल देतात.

धान्याबाबतही तेच होतं. शेतातली शेवटची पेंढी कापायला कापणाऱ्यांचे हात धजावत नसत, कारण धान्याचा जीव हटत हटत त्या शेवटच्या ताटांत येऊन लपलाय अशी समजूत. विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात गावोगाव प्रश्नावल्या धाडून अशा चालीरीती जमवल्या. त्यांच्याच आधारावर जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’ (1890) या ग्रंथाचा मोठा भाग रचला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शेवटच्या पेंढीची बाहुली करत आणि तिला ‘कॅल्यख’, म्हणजे म्हातारी, म्हणत. ज्याची कापणी आधी आटपे तो ही म्हातारी शेजाऱ्याकडे सरकवून देई. तो आपली आटपून पुढच्याकडे. सगळ्यात मागे राहिलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात ती पडे आणि हिवाळाभर तिला पोसायची जबाबदारी त्याच्यावर येई. यात भक्ती आहे, भीती आहे आणि शेजाऱ्याची भरपूर टवाळीही आहे. सोवळ्या चेहऱ्याने लिहिलेल्या पेगन पुस्तकांतून ही टवाळी नेमकी गाळली जाते.

कॉर्नवॉलमध्ये शेवटची मूठ कापली की कापणारा ती उंच धरून ओरडे आणि बाकीचे त्याला हाती काय लागलं म्हणून विचारत. हा सवालजवाब तीन-तीनदा चाले. प्रथा बंद पडली होती. विसाव्या शतकात स्थानिक इतिहास मंडळांनी ती पुन्हा सुरू केली, आणि आज ती तिथल्या शेतांत दरवर्षी होते. याच कॉर्नवॉलमध्ये मॉर्वेनस्टोचा पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर याने 1843 मध्ये चर्चमध्ये सुगीची कृतज्ञता-प्रार्थना घेतली आणि तिथून इंग्लंडभर चर्चमधला ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ पसरला. जुनी म्हणून मिरवणारी परंपरा तपासली की आजोबा-पणजोबांच्या काळातली निघते, हे फक्त पेगनांच्या बाबतीत घडत नाही.

साविनचं मात्र वेगळं आहे. त्याला खरोखर जुना आधार आहे आणि तो मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये सापडतो. ‘तोख्मार्क एमिरे’ या कथेत वर्षाचे चार टप्पे सांगितले आहेत आणि साविन त्यांतला एक. पण साविनची रात्र नेमकी कशी वाटत असे हे कळायला नेराची कथा वाचावी.

कोनाख्तचा राजा आलिल आणि राणी मेव यांच्या क्रूअखन गढीत साविनची मेजवानी चालली आहे. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फाशी दिलेलं आहे. राजा पैज लावतो : बाहेर जाऊन त्यांच्यापैकी एकाच्या पायाला वेताचा फास बांधून येईल त्याला बक्षीस. एकेक जण जातो आणि अंधाराला भिऊन परततो. नेरा जातो. फास तीनदा निसटतो. शेवटी प्रेतच त्याला सांगतं की नीट खुंटी मारल्याशिवाय तो बसायचा नाही. मग म्हणतं, फाशी देताना मला तहान लागली होती, पाठीवर घे आणि पाणी पाज. नेरा त्याला पाठुंगळी घेऊन निघतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं आहे, कारण त्या घरात रात्री चुलीतला विस्तव नीट झाकलेला आहे. तिथे प्रेताला आत जाता येत नाही. दुसऱ्या घराभोवती पाणी आहे, कारण तिथे सांडपाणी, धुण्याचं पाणी रात्रभर साचू देत नाहीत. तिसऱ्या घरात विस्तव तसाच उघडा आणि खरकट्या पाण्याची बादली जमिनीवर. प्रेत आत शिरतं, ते पाणी पितं आणि शेवटचा घोट घरातल्यांच्या तोंडावर थुंकतं. ती माणसं मरतात.

नेरा परततो तर गढी जळालेली, माणसांच्या मुंडक्यांची रास लागलेली. हल्ला करणाऱ्यांच्या मागोमाग तो एका गुहेत शिरतो, पलीकडच्या लोकांत राहतो, तिथल्या एका स्त्रीबरोबर संसार थाटतो. ती त्याला सांगते की तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही. पुढच्या साविनला घडेल, आपल्या लोकांना सावध कर. पटवायचं कसं? ती त्याच्याबरोबर उन्हाळ्याची खूण देते : रानलसूण, प्रिमरोझची फुलं, सोनेरी नेचा. नेरा गढीत येतो तर माणसं त्याच कढईभोवती बसलेली, जेवण अजून उरकलेलं नाही.

या कथेत साविनचं सगळं तत्त्वज्ञान आहे, आणि एकही तात्त्विक वाक्य नाही. काळाची शिवण त्या रात्री उसवते. उद्याचं आज दिसतं, हिवाळ्यात उन्हाळ्याची फुलं हाती येतात, मेलेल्याला तहान लागते. आणि या सगळ्यापासून घराचं रक्षण कशाने होतं? मंत्राने नाही, ताईताने नाही. विस्तव झाकून आणि सांडपाणी वेळेवर बाहेर टाकून. आधुनिक पेगन लेखक ‘दोन जगांमधला पडदा विरळ होतो’ हे वाक्य इतक्या वेळा लिहितात की ते गुळगुळीत झालं आहे. नेराच्या गोष्टीत पडदाबिडदा काही नाही. एक तहानलेलं प्रेत आहे आणि एक न धुतलेली बादली.

नेरा ज्या गुहेत शिरला ती आजही आहे. रॉसकॉमन परगण्यात टल्स्कजवळ राथक्रोहन नावाच्या पुरातन परिसरात शेताच्या कडेला तिचं तोंड आहे, अंग चोरून आत सरकावं लागेल एवढंच. नाव ऊनागाट, मांजरांची गुहा. दाराच्या वर आडवा बसवलेल्या दगडावर ओगम लिपीत ‘मेवच्या पुत्राचा, फ्रेखचा’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत. साविनशी जोडलेली दुसरी जागा मीथ परगण्यात अ‍ॅथबॉयजवळ आहे, त्लाख्तगा टेकडी. सतराव्या शतकातला इतिहासकार जेफ्री कीटिंग सांगतो की साविनच्या रात्री देशभरातले विस्तव विझवून या टेकडीवर नवा अग्नी पेटवत आणि त्यावरून घरोघरच्या चुली पुन्हा पेटत. प्रथा होऊन गेल्यावर कित्येक शतकांनी लिहिलेला हा मजकूर आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा घेता येत नाही. 2014 पासून तिथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. त्यातून टेकडीवरचे खंदक अनेक टप्प्यांत, शतकानुशतकं खणले गेल्याचं आणि मोठे जाळ झाल्याचं दिसलं. जाळ कोणत्या रात्रीचे, हे मात्र माती सांगत नाही.

साविन मुळात मृतांचा सण होता का, या प्रश्नावर अभ्यासकांत मोठं भांडण आहे. कथांमध्ये पलीकडचे लोक येतात, भुतं येतात, राजे मरतात. पण घरातल्या पितरांना जेवू घालण्याचा विधी त्यांत ठळकपणे येत नाही. मृतांच्या सणाची कल्पना फ्रेझरने जोरकसपणे मांडली. साविन हे केल्टिक लोकांचं नववर्ष, ही दुसरी प्रसिद्ध कल्पना जॉन ऱ्हीस या वेल्श भाषापंडिताने 1886 च्या व्याख्यानांत मांडली, तीही मुख्यतः मॅन बेटावरच्या त्या काळच्या लोकगीतांवरून. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ (1996) या पुस्तकात या दोन्ही कल्पनांचे पाय किती लटपटते आहेत हे दाखवलं. चर्चने साविन गिळंकृत करण्यासाठी 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणला, असंही सर्रास सांगितलं जातं. पण 800 च्या सुमारास ही तारीख जर्मनिक प्रदेशात रुजत होती, 835 च्या आसपास ती फ्रँकिश साम्राज्यात अधिकृत झाली, आणि त्याच काळातल्या आयर्लंडमध्ये सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये होता. मृतात्म्यांसाठीचा 2 नोव्हेंबर त्यानंतरचा, क्लूनीचा मठाधिपती ओडिलो याच्या पुढाकाराने पसरलेला. आज पेगन माणूस साविनला आजीचा फोटो मांडून दिवा लावतो. त्यात जुन्या आयरिश भयरात्रीइतकाच मध्ययुगीन कॅथलिक श्रद्धेचा वाटा आहे. पुष्कळ पेगनांना हे ऐकायला आवडत नाही. हटन यांच्या लेखनावर सुरुवातीला बरीच आगपाखडही झाली. पुढे त्याच पेगनांतल्या अनेकांनी ते स्वीकारलं, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट.

एका पुराव्याकडे मराठी वाचकाचं लक्ष हमखास जाईल. 1897 मध्ये फ्रान्सच्या कोलिन्यी गावात एका काशाच्या पंचांगाचे तुकडे मिळाले. दुसऱ्या शतकाच्या सुमारासचं, गॉल भाषेतलं हे पंचांग आता लिऑनच्या संग्रहालयात आहे. त्यात पाच वर्षांचे बासष्ट चांद्रमास आहेत, त्यांत दोन अधिक मास. प्रत्येक महिन्याचे दोन पक्ष, आणि महिन्यांवर शुभ-अशुभ असावेत असे शिक्के. वेदांग ज्योतिषातल्या पाच वर्षांच्या युगातही बासष्टच चांद्रमास येतात. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालू पाहणाऱ्या दोन समाजांना एकच गणित सुचावं यात गूढ काही नाही. आकाश दोघांचं एकच होतं. या पंचांगात ‘सामोन’ महिन्याच्या सतराव्या दिवशी ‘सामोनच्या तीन रात्री’ अशी नोंद आहे. साविनचा हाच सर्वांत जुना लेखी पुरावा, असं बरेच जण मानतात. पण त्या नावाचा संबंध उन्हाळ्याशी लागतो, म्हणून काही अभ्यासक हा महिना शरदात न धरता उन्हाळ्यात धरतात. तेव्हा या नोंदीवर भलते मजले चढवू नयेत.

ग्रीसकडे वळलं की चित्र पालटतं. अथेन्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एल्यूसिसची रहस्यं, म्हणजे गुप्त दीक्षाविधी, साजरी होत. दीक्षा घेणारे लोक डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात स्नान करत, नंतर अथेन्सहून एल्यूसिसपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा पवित्र मार्ग मिरवणुकीने चालत, आणि सातू व रानपुदिना घातलेलं पेय पिऊन उपास सोडत. आतल्या दालनात काय दिसे हे बाहेर सांगणाऱ्याला देहदंड होता. शेकडो वर्षं, हजारो माणसं, आणि गुपित आजवर पूर्णपणे उलगडलेलं नाही. ग्रीक बोलणाऱ्या, हाताला खुनाचं रक्त न लागलेल्या कोणालाही प्रवेश होता. स्त्रियांना आणि गुलामांनाही. तिथे जाऊन आलेल्याला मरणाची भीती कमी वाटते, असं सिसेरोसारख्या रोमन बुद्धिवाद्यानेही नोंदवून ठेवलं आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विवाहित स्त्रियांचा थेस्मोफोरिया येई. खड्ड्यांत टाकलेली डुकराची पिल्लं कुजल्यावर त्यांचे अवशेष स्त्रिया वर काढत, वेदीवर ठेवत आणि बियाण्यात मिसळत. एक दिवस उपास करून जमिनीवर बसून काढायचा, कन्या हरवलेल्या डिमीटर देवीसारखा. पण बियाणं कशासाठी? कारण ग्रीसमध्ये शरद हा पेरणीचा ऋतू आहे. तिथे पीक निघतं उन्हाळ्याच्या तोंडावर, उन्हाळा करपवून टाकतो आणि पहिल्या पावसावर पेरणी होते. डिमीटरची मुलगी पर्सेफोनी शरदात पाताळात उतरते आणि म्हणून पानं गळतात, हा आज घरोघरच्या पेगन पुस्तकांत छापलेला अर्थ उत्तर युरोपच्या थंडीत तयार झालेला आहे. ग्रीक शेतकऱ्याला तो उलटा वाटला असता. ऑस्ट्रेलियातल्या पेगनांना हा मुद्दा चटकन कळतो, बोस्टन किंवा ब्रिस्टलमधल्यांना उशिरा.

नॉर्स प्रदेशात हिवाळ्याच्या पहिल्या रात्रींना ब्लोट, म्हणजे बळी देऊन मेजवानी होई. 1018-19 च्या सुमारास नॉर्वेच्या राजाचा कवी सिग्वात शरदात स्वीडनमधून प्रवास करत होता. रात्रीच्या आसऱ्यासाठी तो दारोदार फिरला आणि जागोजाग हाकलला गेला. एका दारातल्या बाईने त्याला बजावलं की आत आल्फांसाठीचा (एल्फ नावाच्या अदृश्य सत्त्वांसाठीचा) बळी चालू आहे, ओडिन देवाचा कोप होईल, पुढे जा. ख्रिस्ती कवीने वैतागून हे काव्यात नोंदवलं म्हणून आपल्याला कळलं. या सणाची दारं परक्याला बंद होती. तो कुटुंबाचा, कुळाचा विधी होता. आज आइसलंडमध्ये 1972 साली स्थापन झालेली आणि पुढच्याच वर्षी सरकारमान्य झालेली आसात्रू संघटना ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या सुमारास ब्लोट करते. जनावर कापलं जात नाही. पेले उंचावतात, जेवतात, आणि दारं उघडी असतात.

आता आठ सणांचं ‘वर्षचक्र’. चार अयन-संपात आणि त्यांच्या मधले चार सण, असं हे सुबक वर्तुळ प्राचीन म्हणून सांगितलं जातं. ते प्राचीन नाही. कोणत्याही एका जुन्या समाजाने हे आठही सण पाळल्याचा पुरावा नाही. विका पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांच्या मंडळात आधी चार मोठे सण होते. 1958 मध्ये हर्टफर्डशायरमधल्या त्यांच्या मंडळींनी मागणी केली की अयन-संपातांनाही तोच मान मिळावा. गार्डनर यांचे मित्र रॉस निकल्स यांनी 1964 मध्ये ड्रुइडांची नवी संस्था काढली, तिथेही हेच आठ सण आले. मंडळींची मागणी आणि दोन मित्रांच्या गप्पा यांतून जगभरच्या पेगनांचं पंचांग ठरलं.

शरद संपाताला ‘मेबन’ हे नाव तर त्याहून नवं. 1974 च्या सुमारास कॅलिफोर्नियात एडन केली पेगन दिनदर्शिका तयार करत होते. इतर सणांना जुनी नावं, याला काहीच नाही, हे त्यांना खटकलं. पर्सेफोनीसारखी हरवलेल्या मुलाची गोष्ट शोधताना त्यांना वेल्श कथेतला माबोन, मॉड्रनचा मुलगा, आठवला. तीन रात्रींचा असताना तो आईपासून पळवला गेला. पुढे राजा आर्थरची माणसं त्याला शोधत एकाहून एक वृद्ध प्राण्यांकडे जातात : पक्षी, सांबर, घुबड, गरुड, आणि शेवटी सामन मासा, जो त्यांना ग्लॉस्टरच्या तुरुंगापर्यंत नेतो. गोष्ट सुरेख आहे. तिच्यात शरदाचं नावही नाही.

मग या सणांना अर्थ आहे की नाही? आहे, आणि तो करण्यात आहे. साविनला अनेक पेगन घरांत ‘मूक जेवण’ होतं. एक ताट जास्तीचं मांडतात, त्या वर्षी गेलेल्या माणसाला आवडणारे पदार्थ वाढतात आणि जेवण संपेपर्यंत कोणी बोलत नाही. विधीचा पूर्वेतिहास भलताच मिश्किल आहे. ब्रिटन-अमेरिकेत हेच मूक जेवण पूर्वी तरुण मुली भावी नवऱ्याचं रूप दिसावं म्हणून उलट्या पावलांनी वाढत. पण म्हणून आज बापाच्या ताटासमोर गप्प बसलेल्या मुलीचं दुःख उसनं ठरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत स्टारहॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या ‘स्पायरल डान्स’मध्ये दर साविनला सरत्या वर्षात मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जातात आणि मग हातात हात घालून माणसं गोलांत गोल गुंफत नाचतात. हे नावं घेणं तर्पणाची आठवण करून देईल. आपला पितृपक्षही संपाताच्याच आसपास येतो. साम्य दिसतं तेवढंच धरावं. त्यावरून एक मूळ धर्म शोधायला निघू नये.

गार्डनर यांच्या ‘विचक्राफ्ट टुडे’ (1954) या पुस्तकात एक कथा आहे. देवी स्वतः मृत्यूच्या राज्यात उतरते. दारावर वस्त्रं आणि दागिने उतरवून ठेवावे लागतात, कारण तिथे काहीच बरोबर नेता येत नाही. तिथे ती मृत्यूला जाब विचारते की मला प्रिय असलेलं सगळं तू कोमेजवतोस का. या कथेत सुमेरच्या इनान्ना देवीची छाया स्पष्ट आहे, ती मुळात जुनी नाही, आणि तरी विकाच्या शरदविधींचा कणा तीच आहे. मृत्यूकडे पळवाट म्हणून किंवा शिक्षा म्हणून न पाहता ज्याच्याशी बोलता येईल असा कोणी म्हणून पाहणं, हे या परंपरेचं खरं योगदान मानावं लागेल.

पडती बाजूही सांगायला हवी. अलीकडच्या संपातविधींत सुगीचं रूपक फार स्वस्त झालं आहे. ‘या वर्षी मी काय पेरलं आणि काय मिळवलं’ याची यादी कागदावर लिहायची, नकोसं ते मेणबत्तीवर जाळायचं आणि अ‍ॅपल पाय खायचा. यात सगळं मिळवणं आहे, देणं कुठेच नाही. धान्य दुसऱ्याने कापलेलं, जनावर दुसऱ्याने मारलेलं, आणि कृतज्ञता मात्र स्वतःच्या प्रगतीबद्दल. गंजीतली वैरण मोजणाऱ्या शेतकऱ्याला हा विधी कळला नसता. त्याउलट काही पेगन गट संपाताला गरजूंसाठी धान्य गोळा करतात, कोणी परसातली भाजी शेजाऱ्यांत वाटतात. रूपकाचं ओझं कमी झालं की सण लगेच जिवंत होतो.

2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74 हजार लोकांनी आपला धर्म पेगन, आणि सुमारे 13 हजारांनी विका असा लिहिला. संख्या मोठी नाही. त्यांना एक ग्रंथ नाही, एक पीठ नाही, चुकलं तर टोकणारं कोणी नाही. म्हणून त्यांच्या सणांबद्दल वाचताना कोण सांगतंय आणि कशाच्या आधारावर, हे दर वेळी पाहावं. तिन्ही शरदोत्सवांत साविन सर्वांत भक्कम उभा आहे, कारण त्याच्यामागे कथा आहे, जागा आहे आणि खाटिकखान्याचं कठोर वास्तव आहे. लूनसाच्या पाठीशी आयर्लंडच्या टेकड्यांवरच्या, पुढे ख्रिस्ती झालेल्या यात्रा आहेत. मॉइरे मॅकनील यांनी 1962 च्या ग्रंथात त्या तपशिलाने नोंदवल्या आहेत. मेबन अजून कच्चा आहे. त्याला नाव मिळालं, गोष्ट मिळालेली नाही. अनेक गट ते नावही टाकून नुसतं ‘शरद संपात’ म्हणू लागले आहेत, आणि तेच ठीक आहे.

नेराची कथा आणि हटन यांचं पुस्तक ही दोन्ही इंग्रजीत सहज मिळतात. ज्याला या विषयात पुढे जायचं आहे त्याने आधी कथा वाचावी आणि मग पुस्तक. क्रम उलटा करू नये.